थोराड जातिवंत कोंबड्या नागपुरात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगण्याच्या पुढे माझा वीस गुंठ्यांचा तुकडा आहे. बारा वर्षं झाली, तिथे असील ही आपली जुनी लढाऊ जात पाळतो, सोबतीला थोड्या ऱ्होड आयलंड रेड या अमेरिकी जातीच्या. रविवार उजाडला की कोणी ना कोणी गाडी लावून आत येतं, आधी कोंबडा बघून "बाप्पा, हा तर टर्कीच दिसते" म्हणतं आणि मग तेच प्रश्न विचारतं. तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहून ठेवतो.

थोराड म्हणजे किती मोठी?

पुऱ्या वाढीचा मोठ्या चणीचा असील नर ४ ते ५ किलो भरतो, मादी ३ ते ४ किलो. ऱ्होड आयलंड रेडचा नर अमेरिकी मानकाप्रमाणे सुमारे ३.९ किलो, मादी २.९. ब्रह्माचा नर साडेपाच किलोपर्यंत. कडकनाथ दीड-दोन किलोचा, म्हणजे जातिवंत खरा, पण थोराड नाही.

नुसत्या वजनावर मात्र जाऊ नका. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जातो, पण म्हणून तो या यादीत बसत नाही. अमेरिकेतल्या लाइव्हस्टॉक कन्झर्व्हन्सीने २००९ साली जुन्या वारशाच्या कोंबडीची व्याख्या केली. जात जुन्या मानकात नोंदलेली हवी, जोडा नैसर्गिकरीत्या लागला पाहिजे, मादी पाच-सात वर्षं आणि नर तीन-पाच वर्षं कामाचा राहिला पाहिजे, आणि वाढ सावकाश हवी, म्हणजे बाजाराच्या वजनाला सोळा आठवड्यांच्या आत पोचता कामा नये. व्याख्या त्यांच्या जातींसाठी आहे, पण शेवटचे तीन निकष असीलला लावून बघा, तंतोतंत बसतात. सावकाशीत तर असील त्याहून पुढे. त्याचं अंग भरायला दीड ते दोन वर्षं लागतात, आणि नवखे माणसं इथेच कंटाळतात.

गावरान आणि असील एकच ना?

नाही. गावरान म्हणजे गावात मिळेल त्या नराची, मिळेल त्या रंगाची. चवीला उत्तम, पण तिच्या पिल्लांबद्दल आधी काही सांगता येत नाही. जातिवंत म्हणजे आई-बाप पाहिले की पिल्लू कसं निघणार याचा अंदाज बांधता येतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने असीलची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. मूळ पट्टा आंध्र, छत्तीसगड, ओडिशा. म्हणजे बस्तर आपल्यापासून काही फार लांब नाही, आणि गडचिरोली-चंद्रपूरकडे हा पक्षी पूर्वीपासून दिसतो. आपल्या राज्याच्या नावावर नोंदलेली जात म्हणजे बुसरा, नंदुरबार-धुळ्याकडची, ती अंगाने लहान.

अजून एक घोळ होतो. "कॅरी निर्भीक" असीलपासून केलेला संकर आहे, असील नव्हे. वनराज ही परसासाठी तयार केलेली कोंबडी तर वेगळीच गोष्ट. परसात अंडी-मांसासाठी दोन्ही चांगले, पण त्यांची पुढची पिढी आई-बापासारखी निघत नाही. तिथून जात राखायला घेतली तर पाच वर्षं वाया.

ब्रह्मा आणि कोचीन आपल्याच जाती आहेत का?

नावं आपली, घडण बाहेरची. कोचीनचं मूळ चीनमध्ये, शांघाय बंदरातून ती इंग्लंड-अमेरिकेला गेली. ब्रह्मा अमेरिकेत घडली. नाव ब्रह्मपुत्रेवरून, रक्तात शांघायचे पक्षी आणि चितगावकडचे करडे, असं मानतात. १८५२ मध्ये तिकडच्या एका व्यापाऱ्याने राणी व्हिक्टोरियाला नऊ पक्षी भेट पाठवले आणि साहेबलोकांत कोंबड्यांचं वेड पसरलं.

उलट असीलचं झालं. इंग्लंडात कॉर्नवॉलमध्ये असील, मलय आणि तिकडच्या लढाऊ कोंबड्यांपासून "इंडियन गेम" तयार झाली, अमेरिकेने १९१० मध्ये तिचं नाव कॉर्निश ठेवलं, आणि कॉर्निश नर व पांढरी प्लायमाउथ रॉक मादी या जोडीतून आजचा ब्रॉयलर आला. धरमपेठेतल्या दुकानात उलटा टांगलेला पांढरा पक्षी असीलचा लांबचा नातेवाईक आहे, हे सांगितलं की लोक हसतात. पण खरं आहे.

नागपूरच्या उन्हात कोणती जात तगेल?

असील. विचार करू नका. अंगावर पिसं कमी आणि घट्ट, छातीवर लाल कातडी उघडी, पाय लांब, म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट आहे. त्यानंतर ऱ्होड आयलंड रेड, सावली-पाणी नीट असेल तर. ब्रह्मा-कोचीन पायाच्या बोटांपर्यंत पिसांनी मढलेल्या, त्यांना नवतपा, म्हणजे मे अखेरचं कडक ऊन, सोसत नाही. कूलर लावून पाळणारे आहेत शहरात. हौसेला मोल नाही, पण मग त्याला ब्रीडिंग म्हणू नका, पाहुणचार म्हणा.

पहिले पक्षी घेताना काय पाहायचं?

रंग सगळ्यांत शेवटी पाहा. आपल्याकडे पहिला प्रश्न "पिला आहे का याकूब" हाच असतो. पिला सोनेरी-लाल, याकूब काळा-लाल, नूरी पांढरा, कागर काळा, चित्ता काळा-पांढरा, सब्जा, टीकर, रेझा अशी नावं आहेत. नावं गोड आहेत, पण चुकलेला रंग दोन-तीन पिढ्यांत दुरुस्त होतो. गेलेलं हाड परत येत नाही. थोराड जातीत सगळ्यांत आधी आकार सुटतो, तोही कळत नकळत, दरवर्षी पाव-पाव किलोने.

पक्षी हातात घ्या. दोन्ही पंखांवरून पकड धरून छातीखाली तळवा द्या. चांगला असील हाताला भरीव लागतो, ओल्या लाकडासारखा, आणि दिसतो त्यापेक्षा जड निघतो. नुसता पिसांचा फुगारा असेल तर बोटं आत जातात. छातीचं हाड अंगठ्याने वरपासून खालपर्यंत चाचपा, वाकडं असेल तर खाली ठेवा. मग जमिनीवर सोडा आणि समोरून पाहा. दोन पायांत तुमची मूठ जाईल इतकं अंतर हवं, गुडघे एकमेकांकडे झुकलेले नकोत. डोकं आखूड आणि रुंद, चोच जाड, तुरा मटाराच्या दाण्यांसारखा बारीक तीन ओळींचा, हनुवटीखाली लाल लोंबतं जवळजवळ नाहीच. डोळा फिकट, मोत्यासारखा. कोवळ्या पक्ष्यात तो पिवळसर असतो, वयाबरोबर निवळतो. शेपटी खाली झुकलेली, आणि मागून पाहिल्यावर मधोमध.

मी पहिल्या वर्षी फोटो बघून जोडी मागवली. फोटोत नर देखणा होता. आला तेव्हा मागची दोन बोटं बदकासारखी पुढे वळलेली. विकणाऱ्याचा फोन लागला नाही. तेव्हापासून पायाची बोटं मी तोंडाच्या आधी बघतो.

असील पाळणं बेकायदेशीर आहे का?

पाळणं, वाढवणं, प्रदर्शनात मांडणं यात काही बेकायदेशीर नाही. झुंज लावणं बेकायदेशीर. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांच्या झुंजी लावणं गुन्हा आहे, आणि पैसे लावले की जुगाराचा गुन्हा वेगळा. पूर्व विदर्भात कोंबडबाजारावर धाड पडल्याच्या, काती (कोंबड्याच्या पायाला बांधायची सुरी) आणि कोंबडे जप्त झाल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. त्यामुळे असीलवाला म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात, आणि ते मला सोसावं लागतं.

माझ्याकडे येणारा एखादा पाहुणा "किती मैदानं मारली?" असं विचारतो. त्याला चहा पाजतो, पक्षी देत नाही. बाकी इंग्लंडातही हेच झालं. १८३५ च्या कायद्याने तिथल्या झुंजी बंद झाल्या, १८४५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत कोंबड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, आणि मैदानातला पक्षी पिंजऱ्यात उभा राहून बक्षिसं घेऊ लागला.

रानातून रानकोंबडा पकडून रक्त सुधारू नये का?

अजिबात नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. पेंच-नागझिऱ्याचा रानकोंबडा तिथेच आरवू द्या. आणि त्याने आकार वाढत नाही, उलट बारीक होतो.

सुरुवात किती पक्ष्यांनी करावी?

एक नर आणि तीन-चार माद्या पुरेत. ऱ्होड आयलंडमध्ये एका नरामागे सहा-आठ माद्या चालतात, असीलमध्ये नर जड आणि मिजासखोर, त्यामुळे कमी. खरी अडचण जागेची. असीलची पिल्लं सहा-आठ आठवड्यांची झाली की एकमेकांची डोकी फोडायला लागतात. चार-सहा महिन्यांनंतर प्रत्येक नराला वेगळं खुराडं लागतं, मध्ये आडोसा लागतो, कारण जाळीतून दुसरा दिसला तरी दिवसभर चोच आपटतो. माद्याही काही गरीब नाहीत. दहा नर ठेवायचे तर दहा खुराडी, दहा पाण्याची भांडी, रोज दहा वेळा वाकणं. हा हिशेब पक्षी घ्यायच्या आधी करा.

पिल्लं कधी काढावीत?

नोव्हेंबर ते जानेवारी. फार तर फेब्रुवारीचा पहिला आठवडा. त्या पिल्लांना मे महिन्यापर्यंत अंगावर पिसं आणि अंगात जोर येतो. एप्रिलची पिल्लं ऊन खातं, जुलैची पिल्लं रक्ती हगवण खाते.

दुसरं कारण अंड्यातच आहे. उबवायची अंडी १५ ते १८ अंशांत ठेवायची, निमुळतं टोक खाली, आणि सात दिवसांच्या आत लावायची. आपल्या घरात मे महिन्यात रात्री बारा वाजताही ३४-३५ अंश असतात. त्यात अंड्यातला जीव अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो, आणि आपण म्हणतो नर कामाचा नाही.

मशीन की खुडूक कोंबडी?

दोन्ही. असील मादी मनापासून खुडूक बसते, पण जड असते, आठ-दहापेक्षा जास्त अंडी देऊ नका, पायाखाली फुटतात. आणि तिच्या पिल्लांत दुसऱ्या कोंबडीचं पिल्लू सोडू नका, ती टोचून मारते.

मशीन घ्याल तर पंख्याचं घ्या. ३७.५ अंश, पहिले अठरा दिवस ओलावा ५० ते ५५ टक्के, दिवसातून निदान तीन-पाच वेळा अंडी फिरवायची, शेवटचे तीन दिवस फिरवणं बंद आणि ओलावा ६५-७० वर. एकविसाव्या दिवशी पिल्लू. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरून पाहा, कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरला. नागपूरची जानेवारीची हवा कोरडी असते, तेव्हा पाण्याचा ट्रे रिकामा राहिला तर पिल्लू कवचातच चिकटतं. इन्व्हर्टर हवाच. एका वर्षी महाशिवरात्रीच्या रात्री लाइट गेली, मी गाढ झोपलो होतो, बेचाळीस अंडी थंड झाली. त्यातली पाच कशीबशी निघाली. त्या पाचातला एक नर पुढे माझा सगळ्यात चांगला निघाला. पण हे काही शास्त्र नव्हे.

नात्यात जोड लावली तर पिल्लं बिघडतात का?

किती आणि किती वेळा, त्यावर आहे. एकदा बापाला लेक दिली तर आभाळ कोसळत नाही. दरवर्षी तेच केलं तर अंडी रिकामी जाऊ लागतात, पिल्लं मलूल निघतात, आकार घसरतो. बरेच जण यावर उपाय म्हणून दर दोन वर्षांनी बाहेरचा नर आणतात. त्याने जोम येतो, पण तुमची घडवलेली घडण विस्कटते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मी तीन घरं केली आहेत. लाल, निळं, पिवळं. पायात त्या रंगाच्या प्लास्टिकच्या कड्या. लाल घरातला निवडलेला नर निळ्या घरातल्या माद्यांना, निळ्यातला पिवळ्याला, पिवळ्यातला लालला. पिल्लं आईच्या घराची. म्हणजे आपल्या रिवाजाच्या बरोबर उलट. इथे पोरगी जन्मभर माहेरीच राहते आणि पोरगा घरजावई होऊन शेजारी जातो. एवढं पाळलं तर बाहेरचा पक्षी न आणता वर्षानुवर्षं चालतं. नर बदलताना तीन आठवडे थांबा, कारण जुन्या नराचं बीज मादीच्या पोटात दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. हे न पाळल्याने कितीतरी लोकांची वंशावळ कागदावर एक आणि खुराड्यात दुसरी असते.

एक दिवसाच्या पिल्लाच्या पायात कडी राहत नाही. तेव्हा बोटांमधल्या पातळ पडद्याला बारीक भोक पाडतात. दोन पायांत मिळून चार पडदे, त्यांच्या सोळा खुणा होतात. वहीत लिहून ठेवा. डोक्यात राहील म्हणणाऱ्यांचं पोळ्यापर्यंत सगळं मिसळून गेलेलं असतं.

तुरा आणि रंग यांचं गणित काय?

थोडक्यात सांगतो. मटार तुरा साध्या करवती तुऱ्यावर भारी पडतो. म्हणून असीलच्या पिल्लात करवती तुरा दिसला, तर आई आणि बाप दोघांच्याही रक्तात तो लपलेला होता, एकट्या नराला शिव्या देऊ नका. निळसर राखाडी रंग कधी स्थिर होत नाही. राखाडीला राखाडी दिली तर साधारण चारात एक काळं, दोन राखाडी, एक मळकट पांढरं ठिपक्यांचं. आणि कोंबड्यांत माणसाच्या उलट, मादीत लिंगाची गुणसूत्रं दोन वेगळी असतात, नरात सारखी. त्यामुळे पट्टेरी प्लायमाउथ रॉकमध्ये पट्ट्याचा गुण नरात दुहेरी येतो आणि तो मादीपेक्षा फिकट दिसतो. दोष समजून नर काढून टाकू नका.

छाटणी कशी करावी?

हा प्रश्न लोक सगळ्यात कमी विचारतात आणि खरं काम हेच आहे.

साठ पिल्लं काढली तर पुढच्या वर्षाच्या जोडीसाठी मी सहा-सात ठेवतो. पहिली नजर आठ आठवड्यांना. वाकडी बोटं, वाकडी चोच, मागे राहिलेली वाढ, ही बाजूला. दुसरी चार महिन्यांना. वजन काट्यावर घेतो, अंदाजाने नाही, आणि प्रत्येक घरातले वरचे एक तृतीयांशच पुढे. तिसरी वर्षाची झाल्यावर. तेव्हा उभं राहणं, खांदे, डोकं, पंखाची घडी. मादीचं अंड्यांचं कामही पाहतो, कारण असील मुळात कमी अंडी देणारी. वर्षाला तीस-चाळीसही देते, चांगली त्याच्या दुप्पट. त्यातही आळशी मादीच्या पोरी ठेवल्या तर दहा वर्षांत उबवायला अंडंच उरणार नाही.

अडचण मनाची असते. ज्या पिल्लाला पोरांनी नाव ठेवलं ते छाटता येत नाही. माझ्याकडे "बजरंग" नावाचा एक नर होता, वाकड्या शेपटीचा, धाकट्या मुलीचा लाडका. त्याला पाच वर्षं ज्वारी खाऊ घातली, जोडीला एकदाही लावला नाही. छाटणं म्हणजे कापणंच असं नाही, जोडीतून बाहेर काढणं. बाकीचे मात्र विकले जातात, आणि ते सावजीच्या रश्श्यात जातात हे मला माहीत आहे. शेजारचे काका दरवेळी विचारतात, "यंदा किती नापास?"

खायला काय?

पहिले आठ आठवडे स्टार्टर, २०-२१ टक्के प्रथिनं. मग ग्रोअर, १६ च्या आसपास. लेअरचं खाद्य फक्त अंड्यावरच्या माद्यांना. त्यातला चुना नराच्या आणि कोवळ्या पक्ष्याच्या मूत्रपिंडावर बसतो. वरून ज्वारी, मका, शेवग्याचा पाला, बाजार उठताना मिळणारी मेथी-पालक.

विदर्भात दोन गोष्टी हाताशी असतात आणि दोन्ही घात करतात. एक कच्चं सोयाबीन. घरचं आहे म्हणून भरडून घालतात. ते भाजल्या-उकडल्याशिवाय पचत नाही, पिल्लं खुजी राहतात. दुसरी सरकीची ढेप. गाई-म्हशीला ठीक, कोंबडीला नको. त्यातल्या गॉसिपॉलने साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. आणि पावसाळ्यात बुरशी धरलेला मका फेकून द्या, पाखडून वापरू नका.

उन्हाळ्यात काय करता?

कोंबडीला घाम येत नाही. कडक उन्हात ती तोंड उघडून धापा टाकते, तोच मुख्य मार्ग. धापेने अंड्याचं कवचही पातळ होतं.

माझी चूक सांगतो. पहिलं मोठं खुराडं बांधलं तेव्हा तोंड पश्चिमेला ठेवलं, वर टिनाचे पत्रे. मे महिन्याचा शेवट, दुपारचे चार. सकाळी मी पाणी भरून गेलो होतो. परत आलो तर पाण्याची बादली हाताला चटका लागेल इतकी गरम, आणि माझा याकूब नर भिंतीला छाती लावून बसलेला, पंख अंगापासून दूर, मान लांब, डोळे अर्धे. उचलून नळाखाली पाय धरले. दहा मिनिटांत गेला. पाणी होतं, पण पिण्यासारखं नव्हतं. सावली होती, पण पत्र्याची.

त्यानंतर पत्र्यावर चुना, चुन्यावर पऱ्हाटी आणि तुराट्यांचा हातभर थर. पश्चिमेला बारदान्याचे पडदे, त्यावर पाण्याची बारीक धार. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, दिवसातून तीनदा बदलून, दुपारी त्यात इलेक्ट्रोलाइट. दाणा पहाटे पाचला आणि संध्याकाळी सहानंतर, कारण पचवतानाही अंगात उष्णता तयार होते. दुपारी कोणाला पकडायचं नाही, लस नाही, गाडीत घालायचं नाही. कूलर मे महिन्यात उत्तम चालतो, हवा कोरडी असते. मृग लागला की तोच कूलर घात करतो. हवा आधीच दमट, त्यात आणखी पाणी. तेव्हा फक्त पंखा.

कोणत्या लसी द्याव्यात?

मानमोडी, म्हणजे रानीखेत, हा आपल्याकडचा मोठा खाऊ रोग. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीचीच लस) डोळ्यात एक थेंब, दोन आठवड्यांना गंबोरो, चौथ्या आठवड्याला पुन्हा लासोटा, सहा-सात आठवड्यांना देवीची, आठव्या आठवड्याला आर-टू-बी, हेही मानमोडीचंच, इंजेक्शन. मॅरेक्सची पहिल्याच दिवशी. नेमकं वेळापत्रक पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या. लस बर्फात आणा, खिशात नाही. पक्षी अचानक मेला तर पुरायच्या आधी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनाची चौकशी करा. अंदाजाने अँटिबायोटिक पाजण्यापेक्षा ते बरं.

पावसाळ्यात भुसा ओला राहू देऊ नका, रक्ती हगवण तिथूनच येते. पायाचे खवले उचललेले दिसले तर किडा आहे, खोबरेल किंवा व्हॅसलीन आठवडाभर चोळा.

बर्ड फ्लूची भीती आहे का?

आहे. देशातला पहिला उद्रेक २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला झाला. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानेच गेले. बाधित ठिकाणाभोवती एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करतात, त्यात तुमची बारा वर्षांची वंशावळही आली. म्हणून माझं एक घर, पिवळं, मी मुद्दाम काटोलकडे मेहुण्याच्या संत्र्याच्या बागेत ठेवलं आहे. सगळे पक्षी एका जागी ठेवू नका. बाहेरून किंवा प्रदर्शनातून आलेला पक्षी तीन-चार आठवडे वेगळा, त्याच्याकडे जायची चप्पल वेगळी. परदेशातून सामानात लपवून अंडी आणणारे भेटतात, त्यांच्यापासून दूर राहा. परवान्याशिवाय आणणं बेकायदा आहे, आणि रोग सोबत येतो तो वेगळा.

प्रदर्शनं असतात कुठे?

इंग्लंड-अमेरिकेसारखं आपल्याकडे बाराही महिने चालणारं चक्र नाही. तिकडे अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन १८७३ पासून आहे, पुढच्याच वर्षी तिचं मानकांचं पुस्तक निघालं. आपल्याकडे तमिळनाडूत पोपटचोची, लांब शेपटीच्या असीलची प्रदर्शनं जोरात असतात. विदर्भात हिवाळ्यातली कृषी आणि पशू प्रदर्शनं, त्यात पक्ष्यांचा कोपरा असला तर. आयोजकांना आधी फोन करा, पिंजरा कोण देणार ते विचारा.

परदेशी मानक पाहून आपला असील मोजू नका. इंग्लंडच्या पुस्तकातला असील आपल्या मोठ्या असीलपेक्षा बराच बुटका आणि हलका आहे. कर्नालची नोंद जातीचं वर्णन देते, गुण कसे द्यायचे ते नाही. त्यामुळे परीक्षकागणिक निकाल फिरतो. एकदा माझ्या नराला डावलून शेजारच्या चकचकीत संकराला पहिला नंबर दिला, कारण "वजन जास्त". परीक्षकाने एकही पक्षी पिंजऱ्याबाहेर काढला नव्हता. पिंजऱ्यात हात न घालता निकाल देणाऱ्याच्या बक्षिसाला मी किंमत देत नाही, मिळालं तरी.

प्रदर्शनाची तयारी कशी करावी?

तीन आठवडे आधी पक्षी प्रदर्शनाच्या मापाच्या पिंजऱ्यात ठेवायला सुरुवात करा. रोज दहा मिनिटं काडीने छातीखाली हलकेच स्पर्श करा, ताठ उभा राहिला की एक शेंगदाणा. अनोळखी माणसाला हाताळू द्या. मी पोराच्या मित्रांना बोलावतो. घरी देखणा असलेला पक्षी मंडपात लाउडस्पीकर ऐकून कोपऱ्यात दबून बसला तर परीक्षक काय बघणार?

आंघोळ तीन दिवस आधी, सकाळी दहाला, ऊन आल्यावर. तीन बादल्या कोमट पाणी. पहिलीत सौम्य शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी, तिसरीत दोन चमचे पांढरं व्हिनेगर, म्हणजे साबणाचा चिकटपणा निघतो. पिसांच्या दिशेनेच हात फिरवायचा, उलटा नाही. पायाचे खवले जुन्या दातब्रशने. असीलचं पीस घट्ट असतं, लवकर वाळतं, त्याला फार धुऊही नये, कडकपणा जातो. तीन दिवस आधी अशासाठी की पक्षी चोचीने स्वतःच्या शेपटीजवळचं तेल अंगभर लावून घेतो. ती चमक बाटलीतून येत नाही. निघायच्या सकाळी तुऱ्याला आणि पायांना खोबरेलाचं बोट, पुसून.

खोका उंच घ्या. पहिल्यांदा मी मोटरसायकलवर फळांच्या खोक्यात नेला, वाडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर. उतरवला तर शेपटीची दोन लांब पिसं मोडलेली. वर्षभर सांभाळलेला पक्षी, आणि खोकं चार इंच कमी.

वयाचे गट साधारण चार असतात. वर्षाच्या आतला नर, वर्षाच्या आतली मादी म्हणजे तलंग, आणि वर्षावरचे दोन्ही. जानेवारीत निघालेलं पिल्लू डिसेंबरात कोवळ्या गटात बसतं, तेही पुरं अकरा महिन्यांचं.

कशाने बाद होतो?

वाकडी शेपटी, पंखाच्या मधोमध फट, वाकडी चोच किंवा बोटं, जातीला न शोभणारा तुरा. आणि रंगवणं, पिसं उपटणं, तुरा कापून आकार देणं. ओला कापूस फिरवला की रंग उतरतो, परीक्षकाला ते कळतं.

शेजारी तक्रार करतात, काय करू?

शहरात ले-आउटमधल्या घरात नर ठेवू नका. तो चारला आरवतो. रात्री अंधाऱ्या, बुटक्या पेटीत ठेवला की थोडं कमी होतं, कारण मान ताणता येत नाही, पण नागपूरच्या उन्हाळ्यात ती पेटी म्हणजे भट्टी. शेतावर न्या.

यात पैसे सुटतात का?

नाही. खाद्य, लस, इन्व्हर्टर आणि पेट्रोल जेमतेम निघतं. मोठ्या आकड्यांना कोंबडा विकल्याचे व्हिडिओ पाहून येऊ नका. त्यातले बरेच कोंबडबाजाराचे भाव असतात.

तुमच्याकडे पिल्लं मिळतील का?

यंदा निळ्या घरातली उरली आहेत, बारा. मार्चमध्ये चार महिन्यांची होतील, तेव्हा दुसरी छाटणी. या, पण आधी खुराडं बांधा, आणि तोंड पश्चिमेला ठेवू नका.